सायबर सुरक्षा हा गौण विषय म्हणून घ्यावा का? मुख्य विषय मानसशास्त्र आहे

कृष्णाकाठ (रविवार, रात्री ९.१०)

नमस्कार. माझी मुलगी सांगलीत कला शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे आणि मानसशास्त्र हा तिचा मुख्य विषय आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तिला आता गौण विषय, म्हणजे मुले ज्याला 'मायनर' म्हणतात तो, निवडायचा आहे. महाविद्यालयाच्या यादीत समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि हिंदी यांच्या जोडीला संगणकशास्त्र विभागाचा 'सायबर सुरक्षा' हा विषय आहे आणि तिचे मन त्यावरच बसले आहे.

त्यामागे घरात घडलेली एक गोष्ट आहे. माझे सासरे निवृत्त मुख्याध्यापक आहेत, वय ७६. दिवाळीनंतर एका दुपारी मुलगी घरी आली तेव्हा त्यांच्या खोलीचे दार आतून लावलेले होते. तिने खिडकीतून पाहिले तर ते ठेवणीतला कोट घालून खुर्चीत ताठ बसलेले होते. समोर तांब्याला टेकवून फोन उभा केलेला होता, आणि हाताखाली वहीचे पान होते. त्या पानावर त्यांनी सगळ्या मुदत ठेवींचे क्रमांक आपल्या सुवाच्य अक्षरात एकाखाली एक लिहून काढले होते. तिने हाक मारली तेव्हा ओठांवर बोट ठेवून त्यांनी तिलाच गप्प केले. फोनवर गणवेशातला एक माणूस बोलत होता. मुलीने बाहेरच्या खोलीतला वायफायचा राउटर बंद केला आणि तो व्हिडिओ कॉल तुटला. पोलीस असल्याचे भासवून माणसाला व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवायचे, 'डिजिटल अटक' म्हणतात तो प्रकार हाच, हे आम्हाला नंतर कळले. पैसे गेले नाहीत. पण चाळीस वर्षे मुलांच्या खोट्या सबबी तोंड पाहून ओळखणाऱ्या आजोबांना शंका का आली नाही, या प्रश्नाने ती तेव्हापासून अस्वस्थ आहे.

माझ्या शंका अशा. बारावी कला शाखेतून झालेल्या आणि गणित न घेतलेल्या मुलीला हा विषय झेपेल का? मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीला त्याचा खरोखर उपयोग आहे का? आणि या नादात मुख्य विषयाचे नुकसान तर होणार नाही ना? नातेवाईक 'धड ना इकडची, धड ना तिकडची' असे म्हणत आहेत.

चौकटीबाहेर (रविवार, रात्री ९.४२)

माझ्या पुतण्याचा वाणिज्य शाखेत हाच प्रश्न आहे, त्यामुळे मीही उत्तरांच्या प्रतीक्षेत आहे. ताई, तुमच्या मुलीला राउटर बंद करण्याचे सुचले, याचे फार कौतुक वाटले.

तासिका (सोमवार, सकाळी ८.१५)

मी एका तालुक्याच्या ठिकाणी संगणकशास्त्र शिकवतो आणि गेले दोन वर्षे हाच गौण विषय आमच्याकडे आहे. आधी हिशेब मांडतो, कारण बहुतेक पालक श्रेयांक म्हणजे गुण समजतात. राज्य शासनाच्या आराखड्यात गौण विषयाला साधारण १८ ते २० श्रेयांक आहेत. एका श्रेयांकासाठी लेखी अभ्यासक्रमाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास धरतात. म्हणजे २० श्रेयांकांतले निम्मे प्रात्यक्षिकाचे असतील तर संपूर्ण पदवीच्या काळात मिळून ४५० तास होतात. हा वेळ थोडा नाही आणि फार मोठाही नाही. गौण विषय मुख्य विषयाच्याच विद्याशाखेतला असावा असे बंधन नाही, त्यामुळे कला शाखेच्या विद्यार्थिनीला तो घेता येतो. 'खुला ऐच्छिक' हा निराळा प्रकार आहे, त्याच्याशी गल्लत करू नये. तो एखाद्या सत्रापुरता संपतो, गौण विषय मात्र सत्रामागून सत्र वर चढत जातो.

गणिताबद्दल: कूटलेखनाच्या, म्हणजे संदेश गुप्त रूपात बदलण्याच्या, घटकात मूळ संख्या आणि बाकी काढणे इतके गणित येते आणि ते आठवीच्या पुस्तकापासून समजावता येते. खरी अडचण गणिताची नसून संगणकाची भीती हीच असते. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करताना कला शाखेची मुले पहिले दोन आठवडे अक्षरशः घाबरलेली असतात.

आमचे पहिले प्रात्यक्षिक सांगतो. प्रयोगशाळेतले दहा जुने संगणक महाविद्यालयाच्या जाळ्यापासून तोडून एका स्वतंत्र स्विचवर, म्हणजे संगणक एकमेकांशी जोडणाऱ्या उपकरणावर, जोडतो. एका यंत्रावर मीच तयार केलेले, कुलूप नसलेले, म्हणजे साध्या एचटीटीपीवर चालणारे लॉगिनचे पान ठेवतो. एका मुलीला तिथे मनाने रचलेला पासवर्ड टाकायला सांगतो आणि तारेवरून येणारी पाकिटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पान ठेवलेल्या यंत्रावरच्याच 'वायरशार्क' या ती पाकिटे उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पकडतो. शेकडो ओळी सरकत जातात. त्यातली एक ओळ उघडली की तिने आत्ता टाइप केलेला शब्द जसाच्या तसा, अक्षर न अक्षर, सगळ्यांना दिसतो. वर्गात एकदम शांतता पसरते. मग तेच पान एचटीटीपीएसवर ठेवून पुन्हा करतो, तेव्हा त्या जागी निरर्थक अक्षरांची रांग दिसते. यानंतर कूटलेखन कशासाठी, हे मला वेगळे शिकवावे लागत नाही.

ताई, महाविद्यालयात जाऊन दोन गोष्टी अवश्य विचारा: प्रात्यक्षिकासाठी अशी वेगळी व्यवस्था आहे का, आणि शिकवणारी व्यक्ती नियमित आहे की तासिका तत्त्वावर दर वर्षी बदलते. दोन्ही उत्तरे नकारार्थी आली तर हा विषय फळ्यावरचा राहील.

केबल_कनेक्टर (सोमवार, सकाळी ११.०५)

मी १६ वर्षे नेटवर्कच्या कामात आहे आणि माझे मत वेगळे आहे. ते कोणाला दुखावण्यासाठी लिहीत नाही. सुरक्षा ही इमारतीची गच्ची आहे. खाली नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टीम आणि थोडे तरी प्रोग्रॅमिंग हे मजले नसतील तर गच्ची कशावर बांधणार? आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्या मुलांना हल्ल्यांची नावे तोंडपाठ असतात, पण ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून पान उघडेपर्यंत काय काय घडते हे पाच मिनिटे सलग सांगता येत नाही. ४५० तासांत हे सगळे होणे मला कठीण वाटते.

शिवाय सुरुवातीची नोकरी बहुधा देखरेख केंद्रात असते. तिथे रात्रपाळी असते आणि पडद्यावर एकामागून एक सूचना येत राहतात. त्यातल्या बहुसंख्य खोट्या असतात, तरीही एखादी खरी निसटू नये म्हणून प्रत्येक तपासावी लागते. या कामासाठी संगणकाची पूर्ण पदवी घेतलेली मुले रांगेत आहेत. मानसशास्त्राच्या मुलीने आपला मुख्य विषय नीट करावा आणि सावधगिरीच्या चार गोष्टी शिकून घ्याव्यात, असे मला वाटते.

लेखापाल (सोमवार, दुपारी १.३०)

केबल_कनेक्टर, नोकरी म्हणजे देखरेख केंद्र असे गृहीत धरल्यामुळे तुमचा निष्कर्ष तसा निघाला आहे. मी सनदी लेखापाल आहे आणि सहकारी बँकांचे लेखापरीक्षण करतो. आमच्या क्षेत्रात या विषयाची जाण असलेला माणूस दिवा घेऊन शोधावा लागतो.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण घ्या. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार होता, बँका बंद होत्या. एटीएमची विनंती बँकेच्या मुख्य प्रणालीकडे नेणाऱ्या यंत्रणेलाही स्विच म्हणतात; चोरट्यांनी बँकेच्या या स्विचला समांतर असा बनावट स्विच उभा केला होता. जगात कुठेही बनावट कार्ड यंत्रात घातले की पैशांची विनंती मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती. बनावट स्विच परस्पर 'मंजूर' असे कळवत होता. खात्यात शिल्लक आहे का, हे विचारले जाण्याचीच सोय उरली नव्हती. २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, भारतातही काही रक्कम निघाली, आणि १३ तारखेला स्विफ्ट या बँकांमधल्या संदेशव्यवस्थेवरच्या बनावट संदेशांनी आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर पोहोचला.

आता यातला प्रश्न पाहा. एका बाजूने पैसे बाहेर जात आहेत आणि दुसऱ्या बाजूला खातेवहीत नोंदच नाही. दोन याद्या समोरासमोर ठेवून जुळवणे, म्हणजे आमच्या भाषेत ताळमेळ घालणे, हे वाणिज्य शाखेचा विद्यार्थी पहिल्या वर्षापासून शिकतो. सुट्टीच्या दिवशी ही जुळवणी कोण करतो आणि किती वेळाने करतो, हा प्रश्न संगणक अभियंत्याच्या आधी लेखापरीक्षकाच्या तोंडी यायला हवा. पण तो विचारायचा असेल तर 'स्विच' म्हणजे काय हे त्याला ठाऊक असले पाहिजे. गौण विषयातून इतकी समज आली तरी पुष्कळ झाले. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चार स्तरांची चौकट घालून दिली आहे. देशातल्या नागरी सहकारी बँकांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा आहे. तालुक्याच्या बँकेत ही चौकट वाचून समजावून सांगणारे मनुष्यबळ मला तरी क्वचितच भेटते.

चौकटीबाहेर, पुतण्याला अवश्य घेऊ द्या. पुढे सनदी लेखापाल झाला तर आमच्या संस्थेचा माहिती प्रणाली लेखापरीक्षणाचा अभ्यासक्रमही त्याला सोपा जाईल.

पहाटवारा (सोमवार, दुपारी ३.२०)

मी स्वतः तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे, मुख्य विषय भूगोल. महाविद्यालयात हा गौण विषय नव्हता म्हणून मी 'सहा महिन्यांत एथिकल हॅकर' अशी जाहिरात करणाऱ्या एका खासगी वर्गात ४५ हजार रुपये भरले. तिथे तयार साधने चालवून दाखवली आणि आम्ही ती तशीच चालवली. प्रमाणपत्र मिळाले, पण पडद्यावर आलेल्या उत्तराचा अर्थ कोणी सांगितला नाही. माझ्या वडिलांनी हे पैसे ऊस बिलातून दिले होते, त्यामुळे मला ते आजही लागते. नंतर 'स्वयम्' या सरकारी संकेतस्थळावरचे विनामूल्य अभ्यासक्रम आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाचे 'पिकोसीटीएफ' हे सायबर सुरक्षेची कोडी सोडवण्याचे संकेतस्थळ यांवर मी जे शिकले ते त्याहून कितीतरी अधिक होते. महाविद्यालयात विषय उपलब्ध असेल तर तो सोडून बाहेर पैसे घालू नका, एवढेच सांगायचे आहे.

तासिका (सोमवार, दुपारी ४.०५)

पहाटवारा यांच्या प्रतिसादाला जोडून सांगतो: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक 'स्वयम्'वरून मिळवता येतात, मात्र आपल्या संस्थेने तो अभ्यासक्रम आधी मान्य केलेला असावा लागतो. प्रवेश घेण्यापूर्वी परीक्षा विभागाकडून हे लेखी घ्यावे.

उरणकर (सोमवार, संध्याकाळी ७.५०)

लेखापाल यांनी बँकेचे सांगितले, मी बंदराचे सांगतो. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीतून पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पडले आणि आमच्या जेएनपीटीतले, म्हणजे न्हावा शेवा बंदरातले, त्या समूहाचे टर्मिनलही थांबले. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे न्हावा शेव्याच्या रस्त्यावर कंटेनरच्या गाड्या अडून राहतात, हे पाहिल्यापासून पुरवठा व्यवस्थापन शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला हा विषय शिकवावा असे माझे ठाम मत झाले आहे. कोणता कंटेनर आधी उतरवायचा हे यंत्र सांगेनासे झाले तर कागदावर काम कसे चालवायचे, याची तयारी बंदरावर काम करणाऱ्यालाच करता येईल.

सनद (सोमवार, रात्री १०.१५)

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी थोडे विस्ताराने लिहिते.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी त्या निवडीला आव्हान दिले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण पुराव्यात आणायचे होते. ते चित्रण ग्राह्य धरण्यासाठी पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खालचे, इलेक्ट्रॉनिक नोंदीबद्दलचे प्रमाणपत्र लागते की नाही, यावर वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने ते प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या जालन्याच्या या खटल्याने सगळ्या देशासाठी नियम पक्का केला.

१ जुलै २०२४ पासून त्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि आता कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात 'हॅश' मूल्य नोंदवावे लागते. हॅश म्हणजे संपूर्ण फाइलवरून गणिताने काढलेला ठसा. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो. मी एकदा माझ्या कनिष्ठ सहकाऱ्यांना करारनाम्याच्या फाइलचा हॅश काढून दाखवला, नंतर त्यातला एकच स्वल्पविराम पुसला आणि पुन्हा काढला. ६४ चिन्हांची ती ओळ पार बदललेली पाहून त्यातला एक जण म्हणाला, "मॅडम, मग पंचनाम्यात हा आकडा पहिल्याच दिवशी लिहायला हवा." तसा तो लिहिलेला नसल्यामुळे माझ्या एका अशिलाचा पुरावा संशयात सापडला होता, म्हणून हे मी तळमळीने लिहीत आहे. फिर्यादीच्या मोबाइलमधले संदेश कोणी कोणत्या दिवशी कसे उतरवून घेतले हे कोणालाच सांगता येत नव्हते.

आणखी एक गोष्ट सर्व विद्यार्थ्यांसाठी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हेच मुळात बेकायदा आहे, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. 'सर, मी फक्त तपासत होतो' हा बचाव उपयोगी पडत नाही. तासिका यांनी प्रयोगशाळेची जोडणी वेगळी केली, हे कायद्याच्या दृष्टीनेही अगदी योग्य आहे.

रोहिणी_नक्षत्र (मंगळवार, सकाळी ७.३०)

केबल_कनेक्टर यांच्या गच्चीच्या उपमेवर एक उदाहरण द्यावेसे वाटते. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक निघाला. क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाने त्या ७५ सेंटचा माग सोडला नाही. कित्येक महिने नोंदी ठेवून, खोटी कागदपत्रे आमिष म्हणून मांडून त्याने पश्चिम जर्मनीतून शिरकाव करणाऱ्या मार्कुस हेसपर्यंत तपास पोहोचवला. दुर्बिणीपाशी बसणाऱ्या माणसाला निरीक्षणवहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहिण्याची सवय असते. ती सवय या तपासात कामी आली.

केबल_कनेक्टर (मंगळवार, सकाळी ९.४०)

उदाहरण मलाही प्रिय आहे, पण ते पूर्ण सांगायला हवे. स्टॉल तेव्हा त्या प्रयोगशाळेत संगणक प्रणाली सांभाळण्याच्या कामावर होता. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम त्याला येत होती. खगोलशास्त्राची चिकाटी होतीच, पण खालचे मजलेही बांधलेले होते.

लेखापाल आणि सनद यांचे प्रतिसाद वाचून मात्र मी माझे म्हणणे बदलतो. मी सुरक्षा क्षेत्रात येणाऱ्यांचा विचार करत होतो. तुम्ही आपापल्या क्षेत्रात राहून सुरक्षा समजून घेणाऱ्यांविषयी बोलत आहात आणि ती गरज खरी आहे. तरीही माझा आग्रह राहील की पहिल्या सत्रात नेटवर्क आणि लिनक्स ही युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम असावी, हल्ल्यांची नावे नंतर यावीत. अभ्यासक्रमपत्रिकेतला पहिलाच घटक 'हॅकिंगचे प्रकार' असेल तर मी सावध होईन.

चौकटीबाहेर (मंगळवार, सकाळी १०.२५)

थोडे बाजूचे विचारतो. आमच्या कार्यालयात दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो आणि निम्मे लोक महिन्याचे नाव जोडून मोकळे होतात. हे खरोखर सुरक्षित आहे का?

केबल_कनेक्टर (मंगळवार, सकाळी १०.५०)

नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१७ मध्येच सांगितले की पासवर्ड फुटल्याची चिन्हे नसतील तर ठरावीक मुदतीने बदलायला लावू नये आणि चिन्हांच्या सक्तीपेक्षा लांबीला महत्त्व द्यावे. सक्ती केली की माणसे 'जानेवारी', 'फेब्रुवारी' जोडत राहतात, हे तुम्ही पाहिलेच आहे. प्रश्न बाजूचा वाटला तरी तो धाग्याच्या मुळाशी नेणारा आहे: हा नियम बदलला तो माणसे कशी वागतात हे पाहिल्यामुळे, आणि ते पाहणे हे मानसशास्त्राचे काम आहे.

शब्दवेध (मंगळवार, दुपारी २.१०)

मराठी साहित्य शिकवणाऱ्याने या धाग्यावर लिहावे का, असा विचार करत होतो, पण लिहितोच. किल्ली सोडून पद्धतीतले सगळे शत्रूला कळले तरी संदेश सुरक्षित राहिला पाहिजे, हे कूटलेखनाचे तत्त्व १८८३ मध्ये ऑगुस्त केर्कहॉफ्स यांनी मांडले आणि ते भाषांचे प्राध्यापक होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८ कोटी १० लाख डॉलर चोरीला गेले, पण श्रीलंकेतल्या एका संस्थेच्या नावे निघालेले आणखी २ कोटी डॉलर वाचले, कारण आदेशात 'फाउंडेशन' हा शब्द 'फँडेशन' असा लिहिलेला होता आणि तो वाचणाऱ्याला खटकला.

आमच्या विद्यार्थ्यांसाठी इथे मोठे काम पडून आहे. 'आज रात्री ९.३० वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल' हा फसवा संदेश चांगल्या, सरकारी वळणाच्या मराठीत येतो. उलट त्यापासून सावध करणारी पत्रके मात्र इंग्रजीवरून ओढूनताणून केलेल्या मराठीत असतात. माझ्या आईने असे एक पत्रक दोनदा वाचून बाजूला ठेवले. 'संशयास्पद दुव्यावर क्लिक करणे टाळा' यातला 'दुवा' तिला आशीर्वाद वाटला. तिला 'निळ्या अक्षरांवर बोट लावू नकोस' असे सांगितले तेव्हा लगेच समजले. फसवणाऱ्याची भाषा आणि सावध करणाऱ्याची भाषा यांतली ही दरी भरून काढणारा पदवीधर मराठी विभागातूनच यावा, असे मला फार वाटते.

अटलांटिकपार (मंगळवार, रात्री ८.३५)

मी अमेरिकेत राहते. माझ्या मुलाने राज्यशास्त्राबरोबर हा गौण विषय घेतला होता. इथे तो बहुधा १५ ते १८ श्रेयांकांचा, म्हणजे पाच-सहा विषयांचा असतो आणि पदवीच्या एकूण १२० श्रेयांकांतच बसतो. त्याचा अनुभव असा की पहिल्या दोन विषयांत तो संगणकाच्या मुलांच्या मागे होता. धोरण आणि कायदा हे विषय आले तेव्हा गटातला अहवाल लिहायला तीच मुले त्याच्याकडे येऊ लागली. मागे राहण्याचे ते सहा महिने घरच्यांनी धीराने घ्यावेत.

अंतर्मन (बुधवार, सकाळी ६.५५)

मी मानसशास्त्र शिकवते. कृष्णाकाठ ताई, मूळ प्रश्न तुमच्या मुलीचा आहे आणि तो मागे पडू नये म्हणून लिहिते.

येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी केलेले आज्ञापालनाचे प्रयोग आपण पदवीला शिकवतो. समोर अधिकारी व्यक्ती उभी असताना ४० पैकी २६ जणांनी दुसऱ्या माणसाला ४५० व्होल्टपर्यंतचा, खरे तर लटका, विजेचा धक्का दिला. हे सगळ्यांना माहीत असते. पण त्याच प्रयोगाच्या दोन उपप्रकारांकडे तिने पाहावे. अधिकारी खोलीतून निघून गेला आणि दूरध्वनीवरून आज्ञा देऊ लागला तेव्हा आज्ञापालन पुष्कळ घटले. आणि शेजारी बसलेल्या दोघांनी काम नाकारले तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले.

आता आजोबांच्या खोलीत या. नुसता फोन असता तर कदाचित त्यांना शंका आली असती. व्हिडिओ कॉलमुळे गणवेश आणि चेहरा खोलीत आले, म्हणजे अधिकारी पुन्हा समोर उभा राहिला. दार लावून घ्या, कोणाशी बोलू नका, असे त्यांना सांगितले गेले असणार, कारण शेजारी नकार देणारा एक माणूस असला की पकड सुटते. तुमची मुलगी खिडकीत आली आणि तो माणूस तिथे आला. आजोबांनी तिला गप्प बसवले यात त्यांचा दोष नाही. आयुष्यभर कायदा मानणाऱ्या, शिस्तीत वाढलेल्या माणसावर हा डाव अधिक चालतो. ठेवणीतला कोट घालून बसणे ही त्याचीच खूण आहे. त्यांना हे कोणीतरी नीट समजावून सांगावे, कारण असे वृद्ध पुढे कित्येक महिने स्वतःला मूर्ख ठरवत राहतात आणि घरात बोलणे कमी करतात.

उपयोग आहे का, असे तुम्ही विचारले. फसवणुकीतल्या प्रत्येक पायरीला तांत्रिक बाजू आहे आणि मनाची बाजू आहे. क्रमांक कसा लपवला, पैसे किती खात्यांतून फिरले, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लवकर कळवले तर ते कुठे गोठवता येतात, हे माहीत नसलेली मानसशास्त्रज्ञ अर्धाच सल्ला देईल. एक काळजी मात्र घ्या: मानसशास्त्रातले संख्याशास्त्र आणि प्रयोगांचे अहवाल यांना तिने वेळ कमी पडू देऊ नये. एटीकेटी लागायची तर ती तिथेच लागते.

लेखापाल (बुधवार, सकाळी ९.१५)

अंतर्मन, तुमचा प्रतिसाद मी माझ्या कार्यालयातल्या सगळ्यांना वाचून दाखवला. आमच्या एका बँकेच्या शाखेत रोखपाल बाईंनी मुदत ठेव मोडायला आलेल्या काकांना 'घरून कोणाला तरी बोलावून घेऊ या का?' एवढेच विचारले आणि ते तिथेच रडू लागले. ती रक्कम वाचली. त्या बाईंनी नकार देणाऱ्या शेजाऱ्याचे काम केले, हे मला आज समजले.

कृष्णाकाठ (शनिवार, रात्री ९.३०)

सर्वांचे मनापासून आभार. गुरुवारी मुलीला घेऊन महाविद्यालयात गेले. तासिका यांनी सांगितलेले दोन्ही प्रश्न विचारले. शिकवणाऱ्या मॅडम नियमित आहेत. प्रयोगशाळेत बारा संगणक आहेत आणि स्वतंत्र स्विच नाही. 'तो या सत्रात घेऊ' असे त्यांनी सांगितले, तेव्हा लेखी अर्ज देऊन आले. केबल_कनेक्टर, अभ्यासक्रमपत्रिका पाहिली. पहिल्या सत्रात नेटवर्कची मूलतत्त्वे आणि लिनक्स आहे, कायदा दुसऱ्या सत्रात आहे. तिने अर्ज भरला आहे.

अंतर्मन ताईंचा प्रतिसाद मी सासऱ्यांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "चाळीसपैकी सव्वीस?" मी हो म्हटले. दिवाळीनंतर प्रथमच काल ते संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन बसले. आता नातीने क्षेत्रीय प्रकल्पासाठी हाच विषय घ्यायचे ठरवले आहे आणि त्या दुपारी सुरुवातीपासून काय काय घडले ते सगळे सांगायला ते तयार झाले आहेत. रविवारी सकाळी दोघे बसणार आहेत.

एकच तांत्रिक प्रश्न उरला. घरात ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. तो पुरेल का?

केबल_कनेक्टर (शनिवार, रात्री ९.५५)

पहिल्या वर्षाला पुरेल. एका वेळी एकच आभासी यंत्र, म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, चालवावे. पुढे दोन यंत्रे एकमेकांशी जोडायची वेळ आली की रॅम १६ करून घ्यावी. काही लॅपटॉपमध्ये ती वाढवता येते, तुमचा तसा असेल तर नवा घेण्याची गरज नसते.

सनद (शनिवार, रात्री १०.२०)

वहीचे ते पान फाडू नका आणि फोनमधल्या कॉलची नोंद पुसू नका. पैसे गेले नसले तरी तक्रार नोंदवता येते. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर ती सोमवारीच करा.

अंतर्मन (रविवार, सकाळी ७.०५)

आज बोलायला बसण्यापूर्वी मुलीने आजोबांची लेखी संमती घ्यावी. नको वाटेल तिथे थांबण्याची मुभा आहे, हे त्यांना आधी सांगावे आणि ध्वनिमुद्रण करायचे असेल तर तेही विचारावे. घरचे असले तरी ही पद्धत सोडू नये. मसुदा हवा असेल तर मी व्यक्तिगत निरोपाने पाठवते.